घोंगडीची खोळ

घोंगडीची खोळ हे पावसापासून व थंडीपासून बचावासाठी डोक्यावरून पाठीवर घेतले जाणारे महाराष्ट्रातील पारंपरिक लोकरी पांघरूण होय. घोंगडी दुमडून तिला टोपीसारखा आकार दिला की खोळ तयार होते. मेंढपाळ, गुराखी व शेतकरी ती वापरत आले आहेत.

रचना

घोंगडी प्रामुख्याने दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते. सुताला चिंचोक्याची खळ देऊन सनगर समाजातील कारागीर ती हातमागावर विणतात.

गुणधर्म व मर्यादा

लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग पाणी झटकतो, गाभा मात्र वाफ शोषतो. त्यामुळे वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा धरूनही लोकर ओली भासत नाही. तंतूंमध्ये अडकलेली हवा ऊब टिकवते. तथापि, खोळ पूर्णतः जलरोधक नसते. संततधारेत ती भिजून जड होते व सावकाश वाळते. बांबू व पानांचे इरले पाणी अधिक अडवते. परंतु ऊब देत नाही. प्लॅस्टिकच्या रेनकोटमध्ये घाम कोंडतो आणि थंड वाऱ्यात ओले अंग झपाट्याने गार पडते.

म्हणून मेंढपाळ असो वा गळ टाकून पाण्याकाठी बसलेला मासेमार, थंड पावसासाठी वस्त्र निवडताना पाणी अडणे, वाफ बाहेर जाणे व ऊब टिकणे या तिन्ही बाबी पाहाव्या लागतात.