शिस्त, कमान आणि अंगठा

'शिस्त' म्हटले की आपल्याला शाळेतली रांग आठवते. पण जुने मराठी कोश उघडले तर या शब्दाचा एक अर्थ 'नेम' असा दिलेला आढळतो. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. हा शब्द फारसीतल्या 'शस्त'शी जोडला जातो, आणि शस्त म्हणजे अंगठा, तसेच तिरंदाजाने अंगठ्यात घालायची अंगठी. 'तिरंदाजी' हा शब्दही फारसीच: तीर म्हणजे बाण, अंदाज म्हणजे फेकणारा. 'कमान' म्हणजे धनुष्य. मराठीत आल्यावर ती दारावर आणि पुलाखाली जाऊन बसली.

तुर्की मालिका पाहून आपल्याकडची काही मुले तिरंदाजीला 'आपला' खेळ म्हणू लागली आहेत. त्यावर दुसरी मुले महाभारत पुढे करतात. अशा वादात मला रस नाही, कारण धनुष्य ओढणाऱ्या हाताकडे पाहिले तर वादाचे कारणच उरत नाही. तुर्क, मंगोल, इराणी, चिनी, कोरियन आणि मुघल हे सगळे प्रत्यंचा अंगठ्याने ओढत. अंगठा दोरीभोवती वाकवायचा, त्यावर तर्जनी दाबून कुलूप लावायचे आणि सोडताना तर्जनी सैल करायची. दोरी एकाच जागी टेकलेली असल्याने बाण स्वच्छ सुटतो. मात्र अंगठ्याची कातडी सोलून निघते. म्हणून शिंग, हाड, चामडे किंवा दगडाची अंगठी घालायची. शहाजहानची अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढऱ्या जेडची, १६३०च्या दशकातली, त्याची पदवी कोरलेली. पुढे अशा अंगठ्या दरबारात नुसत्या मिरवायलाही वापरल्या गेल्या, ही गोष्ट वेगळी.

युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, दोरी तर्जनी, मधले बोट आणि अनामिका या तीन बोटांनी ओढत. तिथे अंगठ्याला काम नाही, तो तळहाताकडे दुमडून राहतो.

हा फरक माहीत असला की एकलव्याची गोष्ट वेगळी वाचता येते. द्रोणांनी तर्जनी किंवा अख्खा हात मागितला नाही, अंगठा मागितला. ज्याने ही कथा रचली त्याला धनुष्य कुठे धरले जाते आणि माणसाला नेमके कुठे कापले की त्याची विद्या संपते, हे ठाऊक होते. महाभारतातच पुढे म्हटले आहे की एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही. कोण शिकेल आणि कोण नाही, हे जन्म ठरवतो. आणि तरीही कुणी शिकलाच तर त्याचा अंगठा जातो.

याच अंगठ्याच्या तिरंदाजीचा निव्वळ खेळ झाला तो इस्तंबूलमध्ये. १४५३ साली शहर जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमेदने गोल्डन हॉर्नच्या उत्तरेची मोठी मोकळी जमीन तिरंदाजांसाठी राखून ठेवली. तिचे नाव ओकमैदान. 'ओक' म्हणजे बाण, आणि मैदान म्हणजे आपले मैदानच. पुढे त्याचा मुलगा दुसरा बायजीद याच्या काळात तिथे तिरंदाजांचा तकिया उभा राहिला. खेळाडूंचे वसतिगृह, तालीम आणि खानकाह असे सगळे एकत्र. आपल्याकडच्या तालमीची आठवण व्हावी असेच. प्रेषितांचे साथी हजरत साद बिन अबी वक्कास हे त्यांचे पीर मानले जात. बाणाच्या शर्यतीला हदीस आणि फिक्हमध्ये घोडदौडीसारखीच खास मुभा आहे, त्यामुळे या मैदानाला धर्माचा आधारही होता.

इथे लक्ष्यावर नेम धरण्यापेक्षा मोठा मान होता बाण लांब टाकण्याला. शिकाऊ माणसाला परवाना हवा असेल तर ठरलेल्या बाणाने ९०० गझ अंतर पार करावे लागे. तिथला गझ साधारण ६६ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास ५९४ मीटर. साक्षीदारांसमोर ते जमले की उस्ताद त्याच्या हातात धनुष्याची मूठ देई आणि कानात विद्येचे गुपित सांगे. या विधीला 'कब्जा घेणे' म्हणत. कब्जा म्हणजे मूठ. आपण तो शब्द जमिनीच्या भांडणात वापरतो. परवाना कुळावर नाही, बाण कुठे पडला त्यावर मिळे.

विक्रम झाला की बाण पडला त्या जागी संगमरवरी शिळा उभारत. तीवर तिरंदाजाचे नाव, अंतर आणि बहुधा पद्यात प्रशस्ती. सोळाव्या शतकातला नामवंत तिरंदाज तोजकोपरान इस्कंदर याच्या नावावर ८४५ मीटरच्या आसपासचा पल्ला सांगतात. तिसऱ्या सलीमने १७९८ साली ९७२ यार्ड, म्हणजे सुमारे ८८९ मीटर बाण टाकल्याची नोंद आहे. सुलतानाचा बाण मोजणारा हात कंजूस नसणार, हे गृहीत धरूनही आकडा मोठाच राहतो.

एवढी ताकद येई कुठून? धनुष्यातून. मध्ये लाकडाची पट्टी, पोटाच्या बाजूला म्हशीचे शिंग, पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळे माशापासून केलेल्या सरसाने जोडलेले. शिंग दाब सोसते, तंतू ताण सोसतात. मध्ये महिनोन्‌महिने वाळवण, म्हणून एक धनुष्य व्हायला वर्षापेक्षाही जास्त काळ लागे. पल्ल्याचे बाण हलके आणि आखूड. बाण धनुष्याच्या आत ओढता यावा म्हणून डाव्या हातावर 'सिपर' नावाची छोटी पन्हाळी बांधत.

'नियम, परवाना, नोंद आणि विक्रम असलेला खेळ ही युरोपची देणगी' असे कुणी म्हटले की मला या शिळा आठवतात.

युरोपलाही एकदा हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. १७९४-९५च्या सुमारास लंडनमधल्या तुर्की वकिलातीचे सचिव महमूद एफेंदी यांनी तिथल्या टॉक्सोफिलाइट सोसायटीच्या शौकिनांसमोर बाण टाकला. वाऱ्याच्या दिशेने ४८२ यार्ड. इंग्रजी लांब धनुष्याचा सोसायटीला माहीत असलेला पल्ला साडेतीनशेच्या आतला होता. पाहणारे थक्क झाले. आपण इस्तंबूलच्या उत्तम तिरंदाजांत मोडत नाही, असे एफेंदींनी सांगितल्याचेही म्हणतात.

पण थक्क होणे वेगळे आणि नियम लिहिणे वेगळे. बंदुकीपुढे धनुष्य रणातून केव्हाच गेले होते. इंग्लंडात उमरावांनी बागेतला छंद म्हणून ते जपले, १८४४ साली यॉर्कला मोठा मेळावा भरवला, आणि तिथले १००, ८० व ६० यार्डांचे फेरे १९०८च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत पोचले. १९३१ साली ल्वुव्ह इथे आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा खेळाचे वळण ठरून गेले होते: ठरलेले अंतर, गोल लक्ष्य, तीन बोटे. इकडे सुलतान दुसरा महमूद स्वतः तिरंदाज होता. त्याच्या सांगण्यावरून मुस्तफा कानी याने या विद्येचा ग्रंथ लिहिला, तो १८३६च्या सुमाराचा. १८३९ साली सुलतान गेला आणि मैदान ओस पडत गेले. पुढे शहराने ते गिळले. आज ओकमैदान ही दाट वस्ती आहे. थोड्याच शिळा शिल्लक आहेत. २०१९ साली युनेस्कोने तुर्की पारंपरिक तिरंदाजीला वारशाच्या यादीत घेतले.

२०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे वैयक्तिक सुवर्ण मेते गाझोझने जिंकले. तो इस्तंबूलचाच. सत्तर मीटरवर १२२ सेंटिमीटरचे लक्ष्य, मधले दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे. दोरी त्याने ओढली ती तीन बोटांनी. त्याच स्पर्धेत फलटण तालुक्यातल्या सराडे गावचा प्रवीण जाधवही होता, आणि त्याचीही पद्धत तीच. मला यात हार दिसत नाही. सराडेच्या मजुराच्या मुलाला तिथे कुणी कूळ विचारले नाही, आणि एवढी एक गोष्ट तरी या नव्या मैदानाने ओकमैदानासारखी राखली आहे.

कंपाउंड धनुष्याची गोष्ट थोडी निराळी. त्याला कप्प्या असतात आणि दोरी बोटांनी न ओढता हातातल्या एका लहान खटक्याने धरतात. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी विजेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतो आहे. या धनुष्याचे अनेक खटके सुटतात ते अंगठ्याने.