बडीशेपेची गोळी आणि पाणसुरुंग

१९३९ साली इंग्लंडात 'आर्मचेअर सायन्स' नावाचे एक लोकविज्ञान मासिक निघत असे. त्याचे संपादक स्टुअर्ट मॅक्रे यांना लष्करातून फोन आला. शक्तिशाली चुंबकांविषयी अंकात आलेल्या मजकुराची अधिक माहिती हवी होती. विज्ञानाच्या मासिकाला कोण कोण वाचक असतात, पाहा! फोन करणारे मिलिस जेफरिस गुप्तवार्ता विभागाच्या छोट्याशा संशोधन शाखेत होते. जहाजाच्या पोलादी तळाला चिकटणारा सुरुंग त्यांना बनवायचा होता.

मॅक्रे यांनी बेडफर्डच्या सेसिल क्लार्क यांना सोबत घेतले. चुंबकांनी चिकटण्याचा प्रश्न सोडवला. पण सुरुंग लावणाऱ्याला दूर पोहत जायला वेळ कसा द्यायचा? पाण्यात विरघळणाऱ्या वड्या वापरून पाहिल्या. त्या कधी लवकर विरघळत, कधी फार उशिरा. अखेर क्लार्क यांच्या मुलांच्या खाऊतली बडीशेपेच्या स्वादाची कडक गोळी कामी आली. स्प्रिंगने ताणलेली पिन ही गोळी अडवून धरी. गोळी विरघळली की पिन सुटून स्फोट होई.

गोळीच का? दाबून केलेल्या वडीत पाणी शिरते आणि ती कशीही ढासळते. गोळीवर मात्र साखरेचे थरावर थर घट्ट बसलेले असतात. ती फक्त बाहेरून, एकसारखी झिजते. खडीसाखरेचा खडा आणि पिठीसाखरेची वडी पाण्यात टाकून हा फरक आपल्याला वर्गात दाखवता येईल. पाणी गार-गरम केले तर वेळही बदलेल. गोळीला आधीच ओल लागू नये म्हणून त्यांनी तिच्यावर निरोध चढवला. गावातल्या दुकानदारांना या दोन गृहस्थांची खरेदी पाहून काय वाटले असेल!

१९४० साली ती शाखा आणि अन्य दोन गुप्त विभाग यांतून 'स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' ही घातपाती संघटना उभी राहिली. जेफरिस यांची कार्यशाळा मात्र वेगळीच राहिली. अमेरिकेने १९४२ साली स्थापलेली 'ओ.एस.एस.' या ब्रिटिश संघटनेकडून बरेच शिकली. १९४७ साली आलेली 'सी.आय.ए.' तिचीच वारस.

सप्टेंबर १९४३ मध्ये घडीच्या होड्यांतून आलेल्या सहा जणांनी सिंगापूरच्या बंदरात जहाजांना असे चिकट सुरुंग लावले. अनेक जहाजे बुडाली किंवा नादुरुस्त झाली, हल्लेखोर निसटले. जपानी लष्करी पोलिसांना संशय आला तो चांगीच्या तुरुंगातील नागरी कैद्यांचा. १० ऑक्टोबरपासून धरपकड सुरू झाली. ५७ जणांचा छळ झाला, त्यांतले १५ मरण पावले. त्यांतल्या एकाचाही त्या होड्यांशी संबंध नव्हता.