जीर्णोद्धार एका अंतराळनौकेचा

जुन्या वास्तूंचा जीर्णोद्धार आपल्या परिचयाचा आहे. गळके छप्पर बदलायचे, कुजलेले वासे काढायचे, पण दर्शनी भिंत आणि तिची कमान मात्र जशीच्या तशी राखायची, हे त्यातील शहाणपण आपण पिढ्यान्‌पिढ्या जपत आलो आहोत. परंतु दगडचुन्याची नव्हे, तर केवळ आकड्यांची वास्तू जीर्ण झाली तर? अशाच एका वास्तूचा इतिहास आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. वास्तू म्हणजे संगणकावरील एक विज्ञानकाल्पनिक खेळ. विषय हलका वाटेल. पण मालकी, प्रामाणिकपणा आणि निनावी सेवा हे तिन्ही प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अंतराळयानांच्या झुंजीचा खेळ रचला. रसेल यांच्या मूळ रचनेत पीटर सॅमसन यांनी खऱ्या आकाशातील ताऱ्यांचा नकाशा घातला, तर डॅन एडवर्ड्‌स यांनी मध्यभागीच्या सूर्याला गुरुत्वाकर्षण दिले. एकाने रचावे आणि दुसऱ्याने त्यात भर घालावी, ही प्रथा अशी प्रारंभापासूनच होती. आज तिलाच ‘मॉड’ म्हणतात. १९९३ च्या डिसेंबरात आलेल्या ‘डूम’ या खेळाच्या कर्त्यांनी तर खेळ चालविणारे यंत्रांग आणि त्यातील नकाशे-चित्रे मुद्दाम वेगवेगळी ठेवली, जेणेकरून खेळणाऱ्यांना स्वतःचे नकाशे घालता यावेत. १९९७ मध्ये त्यांनी त्या यंत्रांगाची मूळ संहिताही सर्वांसाठी खुली केली. म्हणूनच ‘डूम’ आज जवळजवळ कोणत्याही संगणकावर चालतो.

सर्वच खेळांच्या नशिबी असे उदार जनक नव्हते. ऑगस्ट १९९९ मध्ये ‘सिस्टीम शॉक २’ हा खेळ प्रसिद्ध झाला. मॅसॅच्युसेट्‌स राज्यातील लुकिंग ग्लास स्टुडिओज आणि इरॅशनल गेम्स या दोन मंडळींनी तो घडविला, आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने तो बाजारात आणला. कथानक इ. स. २११४ मधले. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारी ‘फॉन ब्राऊन’ नावाची नौका दूरच्या ग्रहाजवळ संकटात सापडते. स्मृती हरवलेला एक सैनिक तिच्यात जागा होतो आणि मृत सहप्रवाशांनी मागे ठेवलेल्या ध्वनिमुद्रित नोंदी ऐकत ऐकत काय घडले याचा उलगडा करू लागतो. समीक्षकांनी खेळाची वाखाणणी केली, परंतु विक्री बेताचीच राहिली. मे २००० मध्ये लुकिंग ग्लासला टाळे लागले.

यानंतर नौका खऱ्या अर्थाने बेवारस झाली. संगणक तर पुढे धावतच होते. एका प्रोसेसरच्या काळात लिहिलेला हा खेळ अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरवर मध्येच गोठू लागला. चित्रफिती उलगडणारी जुनी साधने नव्या विंडोजमध्ये उरली नव्हती. पडद्यांचे आकार बदलले होते. खेळ बंद पडू नये म्हणून त्याला प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर बांधून ठेवण्यासारखे उपाय चाहते एकमेकांना सांगत. पण ते छपरावर ताडपत्री टाकण्यासारखे होते; वासे आतून कुजतच होते.

खेळ पुन्हा विकला का जात नव्हता? तर मालकीची वाटणी झाली होती म्हणून. ‘सिस्टीम शॉक’ हे नाव इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सकडे होते, तर खेळाचे स्वामित्व लुकिंग ग्लासच्या पतनानंतर चक्क एका विमा कंपनीकडे गेले होते! नाव एकाकडे, वस्तू दुसऱ्याकडे. आपल्याकडील सामाईक वाडवडिलोपार्जित जमिनींची गत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सहज उमजेल.

सप्टेंबर २०१२ मध्ये फ्रेंच चाहत्यांच्या वर्तुळात अचानक एक दुरुस्ती अवतरली. कर्त्याने स्वतःचे नाव दिले नाही. ‘ल कॉर्बो’, म्हणजे ‘डोमकावळा’, एवढीच सही केली. खेळाचे मूळ यंत्रांगच तीत सुधारलेले होते. नव्या प्रोसेसरवर आणि मोठ्या पडद्यांवर खेळ सुरळीत चालू लागला. इतके मोठे काम करणाऱ्याने त्यासाठी ना मोबदला मागितला, ना मानसन्मान.

त्याच वर्षी स्टीफन किक हा तरुण चित्रकार नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकंती करीत होता. ग्वाटेमालात असताना त्याला हा आवडता खेळ पुन्हा खेळावासा वाटला आणि तो चालेना. खेळ विकत मिळत का नाही, याचा शोध घेता घेता तो त्या विमा कंपनीपर्यंत पोहोचला. त्याने परवानगी मिळविली, नाइटडाइव्ह ही संस्था स्थापली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये खेळ रीतसर विक्रीस आला. विक्रीच्या प्रतीत त्या अनामिकाची दुरुस्तीही अंतर्भूत होती. कायद्याचा मार्ग एकाने मोकळा केला, यंत्राचा दुसऱ्याने.

आज कोणाच्या घरी मुलाला हा खेळ बसवावयाचा असेल, तर पद्धत सोपी आहे. प्रत विकत घ्यावी. ती विंडोजच्या राखीव ‘प्रोग्राम फाइल्स’ विभागात न ठेवता स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवावी. कारण जुने खेळ आपल्या नोंदी स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतात आणि विंडोज त्या राखीव जागी मज्जाव करते. सुधारणा घालण्यापूर्वी मूळ प्रतीची नक्कल काढून ठेवावी. मॉड वेगळ्या फोल्डरांत राहतात: सुधारित यंत्रांग प्रथम तेथे पाहते, आणि तेथे न मिळाले तर मूळ सामग्रीकडे वळते. त्यामुळे मूळ काहीच पुसले जात नाही. एका वेळी एकच मॉड घालून पाहावे, आणि खेळ अर्ध्यावर असताना त्यांची अदलाबदल करू नये. नाहीतर जतन केलेला डाव बिघडण्याचा धोका असतो.

मॉडही नाना प्रकारचे. ‘रीबर्थ’ नावाचा मॉड पात्रांचे ओबडधोबड देह नव्याने घडवितो. दुसरे काही भिंतींची चित्रपृष्ठे रेखीव करतात. येथे जीर्णोद्धाराचा जुनाच वाद उभा राहतो. नवा रंग देताना जुन्या कारागिराचा हात पुसला तर जात नाही ना? मूळ प्रत अबाधित ठेवून वर भर घालणे हे या वादाचे उत्तर मला योग्य वाटते. घातलेली भर काढता येते. खरवडलेले चित्र परत येत नाही.

उरला प्रामाणिकपणाचा प्रश्न. बाजारात न मिळणारा खेळ फुकट उतरवून घेण्यात गैर काय, असे तरुण विचारतात. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार संगणकीय आज्ञावली ही साहित्यकृतीत मोडते. रीतसर प्रत बाळगणाऱ्याला सुरक्षिततेसाठी नक्कल करण्याची मुभा तो कायदा देतो; पण मालक निद्रिस्त आहे म्हणून वस्तू आपली होत नाही. मात्र निद्रिस्त मालकाचेही काही कर्तव्य आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीत, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांसाठी दुरून उपलब्ध करून देता यावेत, ही मागणी तेथील स्वामित्वहक्क कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. जे विकायचेही नाही आणि वाचूही द्यायचे नाही, ते राखण हे जतन नव्हे. ते पुरणे होय.

जून २०२५ मध्ये ‘सिस्टीम शॉक २’ ची नवसंस्कारित आवृत्ती बाहेर पडली. बेवारस नौका पुन्हा मार्गस्थ झाली. तिच्या वल्ह्यांवर हात असणाऱ्या अनेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, आणि त्या डोमकावळ्याने तर आपले नाव अद्याप सांगितलेले नाही. पण जुन्या कमानीचा दगड कोणी सांधला, याची तरी नोंद कोठे असते? कमान उभी आहे, एवढीच त्याची सही.