संगीत नाटकातले साथीदार

संगीत नाटक म्हटले की आपल्याला गाणारी नायिका आठवते. पण तिचे दुःख प्रेक्षकाला भिडते ते समोरच्या नटामुळे. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू लोकांच्या मनात घर करून राहिली. तिचा संसार दारूत बुडवणारा सुधाकर गणपतराव बोडसांनी उभा केला. आपले अनुभव त्यांनी 'माझी भूमिका'मध्ये लिहून ठेवले. बलवंत संगीत मंडळीत दीनानाथ मंगेशकरांसोबत काम करणाऱ्या चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बहुरूपी' या आत्मचरित्राला १९५८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नटांची आठवण अशी पुस्तकांत राहिली. साथीदारांचे काय? बालगंधर्वांच्या गाण्याला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असत. पद थांबले तरी भाव सांभाळायचा तो त्यांनीच. थिरकवा मुरादाबादचे, १९७० साली पद्मभूषण झाले. मराठी माणूस ज्या कलेचा अभिमान बाळगतो, तिच्यात हे उस्ताद पाहुणे नव्हते, घरचेच होते. भोर-वेल्ह्यातल्या शाळेत पोरांना नाट्यसंगीत ऐकवाल, तेव्हा बालगंधर्वांसोबत ही दोन नावेही सांगा.