आगबोट, मनिऑर्डर आणि कोकणातले घर

‘कोकण म्हणजे मनिऑर्डरीवर जगणारा मुलूख’ हे वाक्य आपल्या कानांवरून इतक्या वेळा गेलेले असते की ते खरे की खोटे हे तपासून पाहण्याची गरज कोणास फारशी वाटत नाही. व्याख्यानांतून ते येते, वर्तमानपत्री लेखांतून येते, आणि मुख्यत्वे कोकणी माणसाच्या स्वतःच्याच तोंडून येते. तेही काहीशा ओशाळलेपणाने, जणू काय या किनाऱ्यावरच्या तीनचार पिढ्या मुंबईच्या उपकारावर पोसल्या गेल्या. आमच्या मते हा हिशेब एकेरी आहे. मुंबईहून कोकणात काय आले ते टपालखात्याच्या दप्तरामुळे लिहिले गेले. कोकणातून मुंबईस काय गेले त्याची नोंद ज्या बायकांजवळ होती त्यांतील बहुतेकींस लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांस कोणी विचारले नाही. ती दुसरी बाजू थोडीशी मांडून पाहावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माणसे मुंबईस का गेली याचे उत्तर बहुतेक वाचकांस ठाऊक आहे, म्हणून त्यात फार शिरत नाही. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात (१९८१ साली त्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला) भाताची जमीन थोडी, वरकस जमीन फार, आणि त्या थोड्या जमिनीवरही पुष्कळ गावांत खोताचा हक्क. खोती मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. ती प्रत्यक्ष मोडण्याचा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. मधल्या काळात, आणि त्याच्याही पूर्वीपासून, कुळाच्या घरातला धाकटा भाऊ, मग थोरला, मग मिसरूड न फुटलेला मुलगा, असे एकेकजण बंदरावर जाऊन बोटीत बसत गेले. १८५४ साली मुंबईत कापडाच्या गिरणीचा पाया पडला होता. गोदी होती, रेल्वे होती, शहाण्यासुरत्यांच्या घरची चाकरी होती. १९२१ च्या शिरगणतीच्या वेळी मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि तीत दोन लाखांहून अधिक माणसे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. त्याच शिरगणतीत त्या शहरात दर हजार पुरुषांमागे बायका सुमारे सव्वापाचशे भरल्या. उरलेल्या कोठे होत्या, हा प्रश्न शिरगणतीच्या कोष्टकांत आपोआप उभा राहतो. त्यांतील फार मोठा वाटा समुद्रकाठच्या घरांतून होता.

या घरांचे वर्ष पंचांगापेक्षा बोटीच्या वेळापत्रकावर अधिक चाले. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. बहुतेक ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे. दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंस पडावातून किनाऱ्यावर आणावे लागे. पाऊस जवळ आला की ही वाहतूक बंद होई ती समुद्र निवळेपर्यंत. या तीनचार महिन्यांत घाटातून आणि खाड्यांवरील तरींतून, मजल दरमजल करीत, येणे अशक्य नव्हते. पण गिरणीतली चारपाच दिवसांची रजा त्यास पुरत नसे. म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा घर आणि घरधनी यांच्यामध्ये वाटच नसे, आणि शेतीचे सर्वांत अवघड काम नेमके त्याच महिन्यांत पडे.

बोटीच्या प्रवासाची वर्णने मराठीत पुष्कळ आहेत. डेकवरील गर्दी, वळकट्या, ओकाऱ्या, पहाटे दिसणारा विजयदुर्गचा तट हे सर्व आपण वाचलेले असते. परंतु ती सारी बोटीत चढणाऱ्याने लिहिलेली आहेत. पडाव परतल्यावर जी बाई डोकीवरचा पदर सारखा करून घराकडे वळली, तिच्यामागे आमचा इतिहासकार गेलेला नाही. श्री. ना. पेंडशांसारखा कादंबरीकार त्या घरात शिरला. इतिहासलेखकास मात्र सनावळी आणि सरकारी कागद यांच्या पलीकडे जाणे जमले नाही.

ती घरी गेली म्हणजे काय करी? मे महिना असेल तर आगोटीची बेगमी. सुकी मासळी, आमसुले, कुळीथ, मीठ, मिरची, लाकूडफाटा, शेणी यांचा साठा पाऊस पडण्यापूर्वी झाला नाही तर पुढे कितीही पैसे हाती असले तरी वस्तू मिळत नसे. घराची शाकारणी करून घ्यावयाची, पडवीला झावळ्यांच्या झडी बांधावयाच्या. त्याआधीच कवळ तोडून, वाळवून, शेतात पसरून भाजावळ झालेली असे. पाऊस लागला की पेरणी, तरवा वर आला की लावणी, मग बेणणी; आणि वरकसावर नाचणी-वरी. नांगराला जोत धरणारा पुरुष घरात नसला तर तो दुसऱ्याच्या घरून आणावयाचा आणि त्याच्या मोबदल्यात त्याच्या लावणीस आपण जावयाचे. या देवघेवीचा हिशेब तिच्या तोंडी असे. वाड्यातील म्हाताऱ्यांचे औषधपाणी, मुलांची शाळा, नणंदेचे बाळंतपण, भाऊबंदांशी बांधावरून चाललेला तंटा, आणि प्रसंगी खोताच्या ओटीखाली उभे राहून मागावयाची मुदत, ही कामे कोणत्या खाती घालावयाची?

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी वाटते. याच किनाऱ्यावरील कोळी, खारवी, गाबीत या मासेमारी करणाऱ्या समाजांत बाईचा व्यवहार कधी झाकला गेला नाही. पुरुषाने मासळी किनाऱ्यास लावली की तिचा भाव करणे, ती विकणे आणि पैसा सांभाळणे हे काम तिचे, आणि ते भरबाजारात चाले. शेतकरी कुणब्याच्या, मराठ्याच्या किंवा भंडाऱ्याच्या घरात कर्तेपण इतकेच, किंबहुना अधिक, बाईच्या हाती आले. पण कागदोपत्री घर नवऱ्याच्या, तो नसल्यास दिराच्या नावे राहिले. सातबाऱ्यावर तिचे नाव येई ते वैधव्यानंतर, आणि तेही प्रत्येक वेळी नव्हे.

मनिऑर्डरीची पद्धत हिंदुस्थानात १८८० साली सुरू झाली. तोपर्यंत गावी पैसा पाठवावयाचा तो कोणा जाणाऱ्याच्या कनवटीस लावून. टपालाने पैसा येऊ लागल्यावर घरातील नात्यांतही फरक पडला, तो असा की पैसा कोणाच्या नावे आला हे गावास कळू लागले. आईच्या नावे की बायकोच्या? या एका प्रश्नावर किती घरांत चूल वेगळी झाली असेल! मनिऑर्डरीच्या फॉर्मास जोडलेल्या कुपनावर चार ओळी लिहिण्याची सोय असे. नवरा-बायकोंमधला पुष्कळसा संसार त्या चार ओळींत झालेला आहे. आणि त्या ओळी मुंबईत खोलीवरच्या एखाद्या लिहित्या सोबत्याने लिहिलेल्या, गावी पोस्टमनने किंवा शाळामास्तराने खळ्यात उभे राहून मोठ्याने वाचलेल्या. खाजगी असे त्यांत काय उरणार? ‘गाय व्यायली का?’ या प्रश्नात कोणी आणखी काही विचारीत असेल तर ते विचारणाऱ्यास आणि ऐकणारीस ठाऊक. बाई अंगठा उठवी, रक्कम मोजून घेई, आणि वाण्याची उधारी तेथेच वळती होई.

आता जो हिशेब आम्ही एकेरी म्हटला त्याकडे वळू. गिरणीतला मजूर मुंबईत राही तो एकट्याच्या खर्चात. गावकीच्या खोलीत पंधरावीस जण भाडे वाटून घेत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागेवर अंथरूण पसरी. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे मुंबईतले कूड याच जातीचे. जेवण खानावळीत, आणि ती खानावळ चालविणारी बाईही बहुधा आपल्याच मुलखाची. अशा माणसास गिरणीमालकाने जी मजुरी दिली ती एका पोटास पुरेल अशी, वर थोडे गावी पाठविता येईल अशी. मुले वाढविण्याचा, म्हाताऱ्यांस पोसण्याचा, आजाऱ्याच्या शुश्रूषेचा खर्च त्या मजुरीत धरलेला नव्हता. तो कोकणातल्या शेतावर टाकलेला होता. क्षय घेऊन परतलेला, यंत्रात हात सापडून निकामी झालेला, वयाने थकलेला माणूस बोटीतून उतरे तेव्हा त्याच्यामागे निवृत्तिवेतन येत नसे. कामगार विम्याचा कायदा झाला १९४८ साली, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली. त्यापूर्वीची साठसत्तर वर्षे या दोन्ही कायद्यांचे काम पडवीतल्या एका बाजल्याने आणि नाचणीच्या भाकरीने केले.

हे आमचेच म्हणणे आहे असे नव्हे. हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यास नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ सालच्या आपल्या अहवालात मजुराचे गावाशी असलेले नाते ही हितावह गोष्ट मानली आणि ते राखावे असा अभिप्राय दिला. कमिशनरसाहेबांस त्यात मजुराचे कल्याण दिसले, आणि ते खोटेही नव्हते. पण ज्या घरी तो परत जावयाचा ते घर वर्षभर उभे कोण ठेवते, आणि त्याबद्दल तिला काय मिळते, हा प्रश्न त्यांच्या मनास फारसा शिवलेला दिसत नाही. १८९६ च्या प्लेगात लाखो माणसे मुंबई सोडून पळाली. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा संप चालला तेव्हा संपकऱ्यांतील कितीतरी गावी गेले. दोन्ही वेळा त्या माणसांस कोणी खाऊ घातले हे कोठल्या युनियनच्या इतिहासात आम्हांस आढळले नाही. लढा सहा महिने टिकला याचे श्रेय पुढाऱ्यांच्या निश्चयास दिले जाते. त्यातील काही पायल्या भाताच्या नावे जमा करावयास हव्यात.

समुद्राची भीती या सर्व व्यवहाराच्या मुळाशी सतत असे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच वादळात ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी बुडाल्या. तेव्हा पावसाळा संपला होता आणि वाट निर्धास्त समजली जात होती. पुढे त्याहून मोठा घाला पडला तो रत्नागिरीच्या वाटेवर नव्हे, मुंबई बंदराच्या तोंडाशी. दूरची वाहतूक पावसाळ्यात बंद असली तरी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची फेरी चालू असे, कारण अंतर थोडे. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. सणाकरिता घरी निघालेल्या अलिबागकडील माणसांनी ‘रामदास’ बोट भरली होती. धक्का सोडून फार वेळ झाला नव्हता तोच काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यात बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईस बातमी लागावयास दुपार उलटून गेली. वाचली ती बरीचशी रेवसच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत ओढून घेतलेली. स्वातंत्र्यास महिना उरला होता, वर्तमानपत्रांस फाळणीच्या बातम्यांतून सवड नव्हती, आणि देशाच्या स्मरणातून ही बोट लवकरच नाहीशी झाली. किनाऱ्याच्या स्मरणातून झाली नाही.

या अपघाताची चर्चा होते ती बोटीची बांधणी, उतारूंची संख्या, कप्तानाचा दोष यांविषयी. ती व्हावयास हवी. परंतु ज्यांची प्रेते हाती लागली नाहीत त्यांच्या घरी काय झाले? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे ज्याची खबर नाही तो मेला असे धरून चालता येई. तोपर्यंत बायकोने कुंकू लावावे की नाही, श्राद्ध करावे की नाही, जमिनीवर वारस म्हणून नाव चढवावे की नाही, या गोष्टी भाऊबंदांच्या बैठकीत ठरत, आणि त्या बैठकीत ती माजघराच्या दाराआड बसलेली असे. घर मात्र दुसऱ्या दिवसापासून चालवावे लागे. लावणी अर्ध्यावर होती.

बोटी गेल्या, एस. टी. आली, २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध मार्गाने धावू लागली. कुपनाच्या चार ओळींची जागा टेलिफोनने घेतली. चाकरमानी हा शब्द टिकला, आणि गणपतीच्या गाड्यांना होणारी गर्दीही टिकली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरण्यांच्या संपानंतर गावाचा हा जुना आधार आणखी एकदा, बहुधा अखेरचा, इतक्या मोठ्या प्रमाणावर लागला. वीसवीस वर्षे मागावर उभे राहिलेले पुरुष जूनच्या पावसात शेतात उतरले. तरव्याची मूठ कशी धरावी, दोन रोपांत अंतर किती ठेवावे, हे त्यांतल्या कित्येकांस त्यांच्या बायकांनी बांधावर उभे राहून दाखविले, आणि त्या वर्षी पुष्कळ घरांत नांगराला गडी बाहेरून आणावा लागला नाही.