गोणीतला बटाटा

उपवासाच्या साबुदाणा खिचडीत काय काय पडते ते एकदा मोजून पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. मिरचीही अमेरिका खंडातलीच, आणि बटाटा तर पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. जिरे आणि साजूक तूप सोडले तर एकादशीच्या ताटात आपले असे फारसे काही उरत नाही. गहू-तांदळाला त्या दिवशी मज्जाव आणि सातासमुद्रापलीकडून आलेल्या या पाहुण्यांना मात्र मानाचे पान!

या पाहुण्यांपैकी बटाट्याविषयी आज बोलायचे आहे, आणि तेही कुळगावातल्या आमच्या गच्चीवरून. गावाचे नाव कुळगाव, नगरपालिका कुळगाव-बदलापूरची, पण स्टेशनच्या पाटीवर नुसतेच बदलापूर. त्यामुळे नव्याने राहायला आलेल्या पुष्कळांना आपण कुळगावात राहतो हे ठाऊकच नसते. एकाचे नाव दुसऱ्यावर चढते ते असे.

बटाट्याच्या बाबतीतही हेच झाले. हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला. मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ रताळे! रताळे युरोपात आधी पोहोचले, मागून आलेल्या बटाट्यालाही तेच नाव चिकटले. हे ध्यानात ठेवले नाही तर इतिहास वाचताना फसगत होते. जहांगिराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर थॉमस रो याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. आसफखानाच्या मेजवानीत उत्तम शिजवलेले 'पोटॅटो' होते असे त्याने लिहून ठेवले आहे. तेवढ्यावरून सतराव्या शतकाच्या आरंभीच हिंदुस्थानात बटाटा होता, असे अनेकजण बिनदिक्कत सांगतात. मला ते पटत नाही. त्या काळच्या इंग्रजीत पोटॅटो म्हणजे बहुधा रताळेच. पुढे खरा बटाटा आला तेव्हा उत्तरेकडच्या लोकांनी 'आलू' हे आपले जुने कंदाचे नाव त्याला दिले. आपण किनाऱ्यावरच्या मंडळींनी बंदरातला शब्द जसाच्या तसा ठेवून घेतला.

शब्द कोकणात रुजला, पीक मात्र रुजले नाही. बटाट्याचे माहेर टिटिकाका सरोवराच्या आसपासचे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवरचे. तिथे दिवसा लख्ख ऊन आणि रात्री हाडे गोठवणारी थंडी. पाल्याने दिवसा तयार केलेले अन्न रात्र गार असली तरच नीटपणे खाली कंदात साठते. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या फार वर राहिले तर पाला माजतो, पण खाली बटाटे धरत नाहीत. किनाऱ्यावर अशा गार रात्री किती मिळणार?

तेव्हा बटाट्याने घाट चढला. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला थंड हवेचे ठाणे वसवले. साहेबाला तिथे जेवणात बटाटा हवा होता. तिथल्या तुरुंगात पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून आणलेले चिनी कैदी होते. बटाटा आणि विलायती भाज्यांच्या लागवडीला त्यांनी मोठा हातभार लावला. कुठले हे कैदी, कुठल्या समुद्रातून कुठे आणून टाकलेले, आणि आपल्या हाताने काय पेरून गेले! पुढे पुणे जिल्ह्यात खेड, मंचर, आंबेगाव या बाजूला बटाटा चांगला रुळला. सातगाव पठारावर तर तो ऐन पावसाळ्यात घेतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या जातींना 'कुफ्री' हे तिथल्या जवळच्या गावाचे नाव लावलेले असते. त्यातल्या १९७२ मध्ये आलेल्या एका जातीचे नाव आहे 'कुफ्री लौकर'. होय, आपलेच मराठी लौकर! महाराष्ट्राच्या उबदार हवेत झटपट पोसणारी जात म्हणून हे नाव. मला हे बारसे फार आवडते.

आता कुळगाव. हे ना किनारा ना घाटमाथा. समुद्राचा ऊबदार हात इथपर्यंत पुरता पोहोचत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे मुंबईपेक्षा इथे काही अंश तरी अधिक गारठा असतो. बटाट्याला एवढी फट पुरते. पण जमीन? इथली खाचरे भाताची होती. आमची इमारतही अशाच एका खाचरावर उभी आहे. मग उरली गोणी.

गोणीत भाजी पिकवण्याची कल्पना आमची नव्हे. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'तून पालापाचोळ्याची माती करायला कितीतरी घरांना शिकवले. मुंबईत आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या गच्चीवर उसाची चिपाडे भरलेल्या पिशव्यांत बाग फुलवली. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यात भाज्या-फळे लावली.

आम्ही ऑक्टोबरअखेर चार गोण्या भरल्या. तळाला भोके, निम्म्यापर्यंत चिपाडे, पालापाचोळा आणि शेणखत घातलेली माती. कोंब आलेले बटाटे दोन-दोन डोळे ठेवून कापले, काप सुकू दिले आणि मग पुरले. रोप वीतभर वर आले की मातीची भर. ही भर कशासाठी हे समजून घ्यावे. बटाटा हे मूळ नव्हे, जमिनीखालचे खोड आहे. उजेड लागला की ते हिरवे होते, त्यात विषारी द्रव्य तयार होते, आणि असे हिरवे बटाटे खायचे नसतात. भर दिली की बटाटे झाकले जातात. गोणी जितकी उंच तितके मजल्यावर मजले बटाटे, ही मात्र बाजारगप्प आहे. आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या जाती बियाण्याच्या आसपासच काय ते धरतात.

नव्वद दिवसांनी पाला पिवळा पडला, पाणी तोडले आणि आठवड्याने गोण्या उपड्या केल्या. पूर्वेच्या कठड्याशी ठेवलेल्या दोन गोण्यांत मिळून दोनेक किलो बटाटे निघाले. पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या दोन गोण्यांत पाला दुप्पट, आणि खाली सुपारीएवढ्या गोळ्या. माती तीच, बी तेच, पाणीही तेच. दिवसभर तापलेली सिमेंटची भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत होती. गावात थंडी होती, पण त्या दोन गोण्यांपर्यंत ती पोहोचतच नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांच्या सासरचे भात या जागेवर होत असे, गोण्या पाहायला वर आल्या होत्या. त्या भिंतीला हात लावून म्हणाल्या, "रातच्याला आमच्या खोलीतसुद्धा असंच व्हतं. तवा खाचराकडून वारा यायचा, गोधडी लागायची."

यंदा चारही गोण्या पूर्वेच्या कठड्याशी, विटांवर उचलून ठेवणार आहोत. आजींनी त्यातली एक स्वतःसाठी मागून घेतली आहे.