कपड्यांची बातमीदार



लग्नसराईत आपण सगळेच मांडवाला जातो. घरी परतल्यावर ओट्यावर बसलेली म्हातारी आजी विचारते, "काय गं पोरी, नवरी काय नेसली होती?" मग एखादी नात सांगू लागते. शालूचा रंग कोणता, काठ केवढा, पदरावर मोर होते की कमळे, वरमाईचे लुगडे कसे होते आणि करवलीने कोणाचे उसने आणले होते, सगळे सांगते. आजी डोळे मिटून ऐकते आणि तिला लग्न दिसते. दुसरी नात नुसते एवढेच म्हणते, "छान होतं हो सगळं!" आजीला काहीच दिसत नाही.

मंडळी, ही पहिली नात जे करते, त्यालाच बातमीदारी म्हणतात. डोळ्यांनी नीट पाहायचे, मनात साठवायचे, आणि जो तिथे नव्हता त्याला जसेच्या तसे सांगायचे. आज मी तुम्हाला अशाच एका मुलीची हकिकत सांगणार आहे. ती कॉलेजातून बाहेर पडली आणि थेट पॅरिस शहरात कपड्यांच्या समारंभांची बातमीदार झाली. पण त्याआधी ती काही काळ चोरीच्या धंद्यात होती. ही गोष्ट तिची बदनामी करायला मी सांगत नाही. तिनेच आपल्या पुस्तकात ती मोकळेपणाने लिहून ठेवली आहे.

तिचे नाव एलिझाबेथ हॉज. जन्म 16 डिसेंबर 1903 चा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या रिजवुड गावचा. वडील रेल्वे कंपनीत नोकरीला. आई हस्तकला शिकवायची, टोपल्या विणायची. घरात हाताने काही करणे हा रोजचाच पाठ होता. पोरगी आधी बाहुल्यांचे कपडे शिवू लागली. दहाव्या वर्षी स्वतःचे कपडे शिवू लागली, आणि बाराव्या वर्षी आईच्या मैत्रिणींच्या मुलांचे कपडे शिवून चार पैसेही मिळवू लागली.

पुढे 1921 साली ती व्हॅसर कॉलेजात दाखल झाली. हे त्या वेळी केवळ मुलींचे, नावाजलेले कॉलेज होते. तिथे तिने विषय घेतला अर्थशास्त्र. पण मन होते सुईदोऱ्यात. मग तिने काय केले? सुट्टी फुकट घालवली नाही. एका सुट्टीत न्यूयॉर्कच्या कलाशाळेत सहा आठवड्यांचा वर्ग केला. 1924 च्या सुट्टीत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पेढीच्या शिवणखोलीत बिनपगारी उमेदवारी केली. उमेदवारी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शिंप्याच्या, सुताराच्या मुलाला सांगायला नको. आधी पडलेल्या टाचण्या गोळा करायच्या, मग टाके उसवायचे, आणि उसवता उसवता वस्त्र कसे उभे राहते ते समजून घ्यायचे. त्या शिवणखोलीत तिला एक गोष्ट कळली. जे नवे म्हणून येते ते सारे पॅरिसहून येते. मग तिने ठरवले, आपणही पॅरिसला जायचे. पदवी मिळाली आणि 1925 च्या जुलै महिन्यात ती आगबोटीत बसली.

आता पॅरिसला असे काय होते, ते थोडे पाहू. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाचा एक इंग्रज पॅरिसला आला आणि 1858 साली त्याने तिथे आपली पेढी काढली. तोपर्यंत रीत अशी होती की गिऱ्हाईक सांगेल तसे शिंप्याने शिवायचे. वर्थने ही रीत उलटी केली. तो स्वतःच्या कल्पनेने पोशाख तयार करी, जिवंत मुलींच्या अंगावर घालून दाखवी, आणि बायका त्यांतून पसंत करीत. यातूनच पुढे पोशाखांचे समारंभ निघाले. वर्षातून दोनदा, हिवाळ्याच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, मोठमोठ्या पेढ्या नवे पोशाख मांडू लागल्या. अमेरिकेचे व्यापारी आगबोटीने येत, पोशाख विकत घेत, आणि मायदेशी त्यांच्या हजारो नकला काढून विकत.

पण मंडळी, जिथे विकण्यासारखे काही असते तिथे चोरण्यासारखेही असते. एक पोशाख विकत घ्यायचा तर भारी किंमत मोजावी लागे. त्याचे नुसते चित्र मिळाले तर? तेवढ्यावर हुशार शिंपी पोशाख उभा करी. त्यामुळे पॅरिसच्या गल्ल्यांतून नक्कल करणारी गुप्त दुकाने निघाली होती. नामांकित पेढीचा पोशाख तिथे हुबेहूब, पण निम्म्यासिम्म्या दामात मिळे. एलिझाबेथला पहिली नोकरी मिळाली ती अशाच एका दुकानात.

तिचे काम काय? नामांकित पेढीत गिऱ्हाईक म्हणून जायचे. खुर्चीवर ऐटीत बसायचे. समोरून मुली पोशाख घालून चालत जात, त्यांच्याकडे पाहायचे. कागद-पेन्सिल काढायची नाही, कारण पहारा कडक असे. बाही कशी बसवली आहे, शिवण कुठून फिरवली आहे, गुंड्या किती, कमरपट्टा कुठे, हे सारे डोक्यात ठेवायचे. बाहेर पडून कुठेतरी बसायचे आणि विसरण्याच्या आत कागदावर उतरवायचे. पुढे 1926 च्या सुरुवातीस ती न्यूयॉर्कच्या तयार कपडेवाल्यांसाठी असेच काम करू लागली. व्यापारी चार पोशाख विकत घेई, आणि त्याच्याबरोबर आलेली ही मुलगी बाकीचे मनात भरून नेई.

तुम्ही म्हणाल, यात चोरी कसली? पाहणे हा काय गुन्हा आहे? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर दोन देशांत दोन प्रकारचे होते. फ्रान्समध्ये कायद्याने पोशाखाच्या रचनेला संरक्षण होते. मादलेन व्हिओने नावाच्या मोठ्या कारागीर बाईने तर आपल्या प्रत्येक पोशाखावरच्या चिठ्ठीवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवायला सुरुवात केली होती. सही येत नाही म्हणून नव्हे बरं का! आपला माल कोणता आणि नकली कोणता, हे कोर्टात सिद्ध करता यावे म्हणून. अमेरिकेत मात्र पोशाखाच्या रचनेला असे संरक्षण नव्हते. तिथल्या कपडेवाल्यांनी 1932 साली नकलेविरुद्ध संघ काढला. नकली माल ठेवणाऱ्या दुकानांवर ते बहिष्कार टाकीत. पण 1941 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा बहिष्कार हाच बेकायदा ठरवला. म्हणजे समुद्राच्या एका काठावर जी चोरी, ती दुसऱ्या काठावर व्यापार!

या प्रश्नाला आणखीही एक बाजू आहे. नक्कल निघाली म्हणूनच दुकानात काम करणाऱ्या साध्या मुलीला चांगल्या बेताचा झगा अंगावर घालता आला, हेही खरे. म्हणून मी न्यायाधीश होत नाही. पण एलिझाबेथला मात्र आपले काम टोचत होते. दुसऱ्याच्या कष्टावर आपण जगतो आहोत, ही जाणीव तिच्या मनातून जाईना.

आणि इथेच तिच्या आयुष्याने वळण घेतले. ती वर्तमानपत्रांना लिहू लागली. एका वृत्तसंस्थेमार्फत तिची पत्रे अमेरिकेतल्या अनेक पत्रांत छापून येऊ लागली. ‘न्यू यॉर्कर’ हे साप्ताहिक 1925 सालीच निघाले होते. त्यातही ती पॅरिसच्या कपड्यांविषयी लिही. तिथे तिने टोपणनाव घेतले ‘पॅरिसाइट’. पॅरिस हे शहराचे नाव, आणि ‘पॅरासाइट’ म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारे बांडगूळ. या दोन शब्दांचा तो श्लेष. स्वतःवर असा विनोद करणारी माणसे थोडीच असतात.

श्रोतेहो, आता जरा नीट विचार करा. समारंभ तोच, खुर्ची तीच, डोळे तेच. काल ती चोर होती आणि आज बातमीदार झाली. फरक काय पडला? मला वाटते, फरक एवढाच की चोर पाहिलेले लपवून नेतो आणि बातमीदार पाहिलेले उघड सांगतो. चोर मूळ कारागिराचे नाव पुसतो, बातमीदार ते नाव घेतो. चोराला फक्त बाही हवी असते. बातमीदाराने त्या बाहीचे मोल सांगायचे असते, ती कोणाच्या उपयोगाची आणि कोणाच्या नाही, तेही सांगायचे असते.

पण बातमीदाराच्या वाटेतही खड्डे असतातच. पेढी तुम्हाला बोलावते, पुढची खुर्ची देते, गोड बोलते. तुम्ही ज्या पत्रात लिहिता त्याला तीच पेढी जाहिरात देते. मग लेखणी आपोआप स्तुती करू लागते. एलिझाबेथने हे जवळून पाहिले. चांगले कपडे फक्त पॅरिसलाच होतात आणि जगातल्या प्रत्येक बाईला तेच हवे असतात, ही एक दंतकथा आहे, असे तिने पुढे स्पष्ट लिहिले. ही दंतकथा पसरवण्यात वर्तमानपत्रांचा आणि दुकानदारांचा हात किती, हेही तिने सांगितले.

हे सांगण्याचे धैर्य तिला कुठून आले? माझ्या मते, ती आधी शिवणखोलीत बसली होती म्हणून. ज्याला टाका कळतो त्याला झगमगाट फसवू शकत नाही.

पॅरिसला तीन वर्षे काढून, शेवटी एका फ्रेंच बाईच्या पेढीत पोशाख आखण्याचे काम शिकून, ती 1928 साली न्यूयॉर्कला परतली. त्याच वर्षी तिने एका भागीदारणीबरोबर आपली पेढी उघडली. 1931 च्या 4 जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तिने आपले पोशाख पॅरिसला नेऊन तिथल्या लोकांना दाखवले. जिथे ती चोरून पाहायला जायची, त्याच शहरात आता लोक तिचे काम पाहायला आले.

पुढे तिने कारखानदारांसाठीही पोशाख आखून पाहिले. पण तिथे कापड हलके, शिलाई कच्ची, आणि वर नाव मात्र तिचे! तिला ते मानवले नाही. 1938 साली तिने ‘फॅशन इज स्पिनच’ हे पुस्तक लिहिले. स्पिनच म्हणजे पालक. न्यू यॉर्कर साप्ताहिकातल्या एका गाजलेल्या व्यंगचित्रावरून हे नाव आले. आई मुलाला गोड बोलून भाजी भरवू पाहते, आणि मूल ठणकावून सांगते की ही पालकच आहे आणि मला नको, असा त्याचा रोख. पुस्तकात तिने दोन गोष्टींत भेद केला आहे. एक चाल आणि दुसरे खूळ. चाल लोकांच्या जगण्यातून येते, सावकाश बदलते, उपयोगाची असते. खूळ मात्र विकणाऱ्याच्या गरजेतून येते आणि दर हंगामाला बदलते. आपल्याकडच्या बाईने शेतात काम करायला नऊवारीचा कासोटा घातला, ती चाल. कामाला सोयीचे म्हणून ते टिकले, कोणी जाहिरात केली म्हणून नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात ही बाई विमानांची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीला यंत्रावर उभी राहिली, आणि तिथल्या कामकरी स्त्रियांच्या हालांवर 1943 साली तिने पुस्तक लिहिले. म्हणजे बातमीदार ती अखेरपर्यंत राहिली. फक्त पाहण्याची जागा बदलली. 1971 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये ती वारली.

आता तुमच्या मनात येईल, ही परदेशातली हकिकत आमच्या काय कामाची? सांगतो. येवल्याची, पैठणची पैठणी घ्या. विणकर मागावर महिनोन् महिने बसून एक पदर विणतो. बाजारात यंत्रमागावरची तशीच दिसणारी साडी थोड्या पैशांत मिळते आणि तीही पैठणी म्हणूनच विकली जाते. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाला कायद्याचा आधार आला. व्हिओने बाईच्या अंगठ्याच्या ठशाचाच हा एक प्रकार. पण कायदा पुरेसा नसतो. ओळखणारा डोळा लागतो. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. नकलेच्या पाठीवर पुष्कळदा सुटे धागे लोंबतात. म्हणून जाणती बाई दुकानात आधी पदर उलटून पाहते. बातमीदारानेही हेच करायचे असते. समारंभाची सुलटी बाजू सगळ्यांनाच दिसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक सूचना करतो आणि थांबतो. शाळेत हस्तलिखित मासिक निघत असेल, तर यंदा मुलामुलींना जत्रेला नाहीतर लग्नाला बातमीदार म्हणून पाठवा. त्यांना सांगा, तिथे वही काढायची नाही. नुसते पाहायचे, माणसांना विचारायचे, आणि घरी येऊन लिहायचे. कपडा कोणता, कोणी विणला, कोणी शिवला, किती रुपये पडले, त्यांतले विणणाऱ्याला किती मिळाले, आणि तो किती वर्षे टिकेल. ‘छान’ हा शब्द वापरायला बंदी! लिहिलेले घरच्या आजीला वाचून दाखवायचे, आणि आजीला ते लग्न दिसले का, तेवढे तिलाच विचारायचे.